काळ्या दोऱ्याची बाटली

१

"दोन्ही एका पिशवीत नेऊ नको, बाई. लाल दोऱ्याची आज ने. काळ्या दोऱ्याची पुढल्या बाजारी येऊन ने."

चतुराबाईनं हे मला तिच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, आणि मी हसले होते. जळकोटच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत चालत गेलं की तिचं घर. माझ्या कडेवर आठ महिन्यांची अन्वी, डोक्यावर ऊन आणि परतीच्या एसटीची घाई. "मावशी, लेकरू घेऊन पुन्हा कोण येणार एवढ्या लांब?" असं म्हणून मी दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत टाकल्या. मी लातूरला राहून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेलं. असल्या नियमांचं मला हसू यायचं. बाटल्या आणायला मात्र मीच गेले होते.

चतुराबाई अर्क करते. मोहाच्या दारूत मुळ्या, बिया, पानं घालून बरणी अमावस्येला चुलीच्या राखेत पुरते, पौर्णिमेला काढते, गाळते आणि काहीतरी पुटपुटत औषधाच्या जुन्या बाटल्यांत भरते. लाल दोऱ्याचा अर्क बाळंतिणीनं चमचाभर प्यायचा. काळ्या दोऱ्याचा फक्त उंबऱ्यावर शिंपायचा, नजर आणि बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. लाल माझ्या जावेला, पुनमला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडं मुखेडलाच झालं होतं. मी बाटल्या आणल्या त्या दिवशी तिच्या बाळंतपणाचा तिसरा दिवस. काळा माझ्यासाठी. अन्वी रोज दिवेलागणीला किंचाळून रडायची.

सोळाव्या दिवशी पुनम गेली.

तीन दिवस उलट्या आणि जुलाब. नांदेडला नेईपर्यंत हातपाय गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, "पोटात काहीतरी विषारी गेलंय. काय दिलं होतं?" घरी तिच्या उशाशी बाटली होती, लाल दोरा बांधलेली, अर्धी. पोलीस जमादार ती रुमालात गुंडाळून घेऊन गेला. त्याआधी मी मोबाईलवर बाटलीचा फोटो काढला होता. कशासाठी, ते विचारू नका. मी सगळ्याचेच फोटो काढते. अन्वीच्या अंगावरच्या पुरळाचे, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेचे.

तो गेल्यावर माझं लक्ष उंबऱ्याशेजारच्या खिडकीकडं गेलं. काळ्या दोऱ्याची बाटली मी तिथंच ठेवली होती.

खिडकी रिकामी होती.

२

अन्वी तेव्हा रांगायला लागली होती. हाताला लागेल ते तोंडात. पुनमला ज्यानं मारलं ते घरातच कुठंतरी असेल, कपाटामागं, पोत्याखाली, तर पुढचा हात तिचा पडणार. माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. मी सगळ्यांना कामाला लावलं. काळ्या दोऱ्याची बाटली शोधा. माझा नवरा सुदर्शन पाण्याच्या टाकीवर चढून बघून आला. सासूबाईंनी कणग्या हलवल्या. काळ्या दोऱ्याची बाटली मिळाली नाही.

म्हणजे कुणीतरी ती उचलली होती. आणि तिच्यातलं लाल दोऱ्याच्या बाटलीत ओतलं होतं. घरात माणसं किती? सुदर्शन तर पुनम आजारी पडली त्या आठवड्यात शाळेच्या कामानं नांदेडला होता. राहिल्या माझ्या सासूबाई, नाव गुणाबाई, ज्यांनी पुनमची पोरगी बघून "पुन्हा तेच" म्हणत तोंड फिरवलं होतं. राहिला दीर अमरनाथ, जो हल्ली अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर दबक्या आवाजात बोलायचा.

गल्लीला मात्र आधीच उत्तर सापडलं होतं. चतुराबाईनं करणी केली. चौघं-पाचजण जाऊन तिच्या बरण्या फोडून आले होते.

मी गेले तेव्हा ती काचा गोळा करत होती.

"आलीस? तू बी फोडायला आलीस का?"

"विचारायला आले, मावशी."

"इचार मंग. हात मोकळेच हायेत माझे, काम काय ठिवलंय."

"लाल बाटलीत चुकून दुसरं भरलं गेलं का?"

तिनं कोनाड्यात उरलेली एक लाल दोऱ्याची बाटली काढली आणि माझ्यासमोर घटाघटा निम्मी प्यायली. ओव्याचा वास घरभर झाला. "ओवा, शेपा, सुंठ. माझ्या तिन्ही सुना ह्याच्यावर उठल्या."

"आणि काळ्यात काय असतं?"

"ते सांगायचं नसतं."

"माझी जाऊ मेली, मावशी."

तिनं हातातली काच खाली ठेवली. "कळलावीचं मूळ," ती म्हणाली.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. कॉलेजात तिचं पान मी चिकटवहीत लावलं होतं आणि पुढं 'सर्व भाग अत्यंत विषारी' असं लिहून गुण मिळवले होते.

"म्हून तर दोरे येगळे," चतुराबाई सांगत होती. "काळा दोरा मी मुळासंगं बरणीतच मुरवते. पंधरा दिस. तवा कुठं त्यो राखण करतो. त्याला सात गाठी. आंधळं माणूस बी हात लावून वळखंल. मी न्हाई चुकत, बाई."

मी मोबाईलमधला तो बाटलीचा फोटो तिच्यापुढं धरला. तिनं मोबाईल लांब नेला, जवळ आणला. मी तो मोठा करून दिला.

"ह्यो दोरा माझा न्हाई," ती म्हणाली.

"लाल तर आहे."

"लाल हाय. पण माझा दोरा कुकवात रंगवल्याला, साधा सुती. ह्यो देवळात हाताला बांधत्यात त्यो नाडा हाय. पिवळ्या रेघा दिसून राहिल्यात, बग की."

रेघा होत्या. फोटो माझ्याच मोबाईलमध्ये होता आणि दहा वेळा बघूनही मला त्या दिसल्या नव्हत्या.

३

अमरनाथ लातूरला एका वसतिगृहाची मेस चालवतो. तेराव्याला जेवणाच्या पंगतीतच त्याच्या मामानं एक स्थळ सुचवलं होतं, आणि त्यानं नाही म्हटलं नव्हतं. हे मी लक्षात ठेवलं होतं.

तो अंगणात बाजेवर बसला होता. एका मांडीवर त्याची महिन्याचीही न झालेली पोर, दुसऱ्या मांडीवर अन्वी. मी सरळच विचारलं, "भाऊजी, कोपऱ्यात जाऊन कुणाशी बोलता?"

तो आधी चिडला, मग लाजला. "मेसमधल्या मंजुषाबाईशी. भांडी घासतात आमच्याकडं. चार लेकरं वाढवलीत त्यांनी."

"मग लपून कशाला?"

"वरचं दूध किती पाजायचं, पोट गच्च झालं तर काय करायचं, हे विचारतो वहिनी. आईनं ऐकलं तर म्हणती, बाप्या माणसानं बाईचं काम कामून करावं." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "विष मी घातलं असं वाटून राहिलं का तुम्हाला?"

मी अन्वीची टोपी सरळ केली.

"बारशाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं गेलो मी. दोनशे पोरं जेवायची होती संध्याकाळी. पुनमनं मला डबा बांधून दिला. धडधाकट होती. मग तुमचाच फोन आला, लवकर या म्हणून."

हे खरं होतं. बारशाच्या दिवशी पुनम हसत होती. उलट्या दुसऱ्या दिवशी सुरू झाल्या. म्हणजे विष बाराव्या दिवसाच्या संध्याकाळनंतर पोटात गेलं, आणि तेव्हा अमरनाथ लातूरला होता.

हाताचा मोजा ओढून काढून अन्वी पुन्हा मनगट चोखत होती. दात येत होते तिचे. मागं त्याच्यातच दोन दिवस जुलाब लागून तिनं माझा जीव टांगणीला लावला होता. अमरनाथनं तिचा हात हळूच तोंडातून काढला.

"वहिनी, हिच्या हाताला आहे तसला काळा दोरा माझ्या पोरीलाही बांधा ना. आता तिच्याकडं बघणारं कोण आहे?"

"बांधते," मी म्हणाले.

उठता उठता विचारलं, "मी तर अन्वीतच अडकलेली असायचे. पुनमला अर्क कोण पाजायचं?"

त्यानं आत स्वयंपाकघराकडं पाहिलं. "आई," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती."

४

सासूबाईंनी विष दिलं असेल तर त्यांना ते मिळालं कुठून? खिडकीतली बाटली, की आणखी काही? मुखेडच्या बाजारात अख्तरीबींचं जडीबुटीचं दुकान आहे. त्यांच्या सासऱ्यांपासूनचं. आमच्या तालुक्यातली प्रत्येक मुळी त्यांच्या तराजूतून जाते.

"आओ, शिकलेली आली," त्या म्हणाल्या. "बैठ. बच्ची को वो पोत्यापासून दूर ठेव, सब तोंडात घालती ती."

मी अन्वीला मांडीत घट्ट धरलं. "अख्तरीबी, कळलावी कोण कोण नेतं तुमच्याकडून?"

"एकच. चतुरा. वीस साल हुए. दुसऱ्या कुणाला मी देतच नाही, जहर आहे ते."

"माझ्या सासूबाईंनी कधी नेली?"

त्या हसल्या. "गुणाबाई? तिला कळलावी दिली तर ती कांदा समजून फोडणीला टाकंल." मग त्यांचं हसू गेलं. "तुझ्या जावेला तेच झालं का? उलटी, जुलाब, मग ठंडी पडली?"

"हो."

"मैंने देखा है एक बार. आमच्या गल्लीतल्या एकानं मर्दानगीची दवा म्हणून खाल्ली होती. तो वाचला. पण वाचला तरी ते जहर सोडत नाही, बेटी. दोन हफ्त्यांनी त्याचं डोकं असं झालं," त्यांनी तळहात दाखवला. "केसांचे झुपके हातात यायचे."

मी उठले. त्यांनी मला पुन्हा बसवलं.

"सुन. तुझी सास परसों आली होती माझ्याकडं. म्हणे बाल गळून राहिले, लई गळून राहिले, काही तेल दे. मी म्हटलं, गमीत, दुःखात, गळतात. आता तू विचारलं म्हणून आठवलं."

मी रस्त्यावर आले आणि बाजारातल्या त्या गर्दीत तशीच उभी राहिले. पुनमला पाजणाऱ्या बाईचे केस गळत होते. म्हणजे तिच्याही पोटात तेच गेलं होतं.

जो विष घालतो तो स्वतः ते पीत नाही.

५

सासूबाईंची फणी मी न्हाणीघराच्या कोनाड्यात बघितली. दातांमध्ये केसांचा एवढा मोठा गुंता. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"काय बघून राहिलीस?"

"आई, तुम्हीही तो अर्क प्यायलात."

त्यांनी नाही म्हटलं नाही. भिंतीला टेकून खालीच बसल्या. "बाळंतिणीला काय बी द्यायचं तर आधी सासूनं जिभंवर घ्यायचं असतं. माझ्या सासूनं घेतलं, मी घेतलं. तुझ्या बाळंतपणात न्हाई घेतलं का?"

घेतलं होतं. डिंकाच्या लाडवापासून शेपाच्या पाण्यापर्यंत सगळं.

"तुम्हाला त्रास झाला नाही?"

"दोन दिस ओकले मी. परसात जाऊन. घरात सून मरून राहिली, आन् मी माझं ओकणं सांगत बसू का?" त्यांचा आवाज फाटला. "मला कळत न्हाई व्हय गं? माझ्या हातानं पाजलं मी तिला. चमचा मीच धरला. पोरगी झाली म्हून तोंड फिरवलं, हाव, फिरवलं. पण मारीन का मी तिला?"

मी त्यांच्याजवळ बसले. माझा पुढचा प्रश्न तयारच होता. "बाटलीला देवळातला नाडा कुणी बांधला?"

"मीच."

"का?"

"पुनमची बाटली दहाव्या दिवशीच सरली होती. बारशाच्या सांजेला उंबऱ्यावर दिवा लावायला गेले तर खिडकीत दुसरी दिसली. बरीचशी भरल्याली. म्हटलं, तू दोन आणल्यास, शहाणी हायेस. पण बोडकी होती."

"बोडकी म्हणजे?"

"दोराच नव्हता तिला. ना काळा, ना लाल. अर्काची बाटली बोडकी बाळंतिणीच्या खोलीत न्यायची नसती. म्हून देवघरातला नाडा काढून बांधला. चव येगळी लागली, म्हटलं दुसऱ्या बरणीतला असंल."

"मग मी विचारत होते तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू काळ्या दोऱ्याची इचारत होतीस," त्या म्हणाल्या. "काळ्या दोऱ्याची मी बघितलीच न्हाई."

तो दोरा कुणी काढला, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही.

अन्वी माझ्या पायाशी बसून मोज्यावरूनच मनगट चोखत होती. मी तिचा मोजा काढला आणि दोऱ्यावरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. सातही गाठी तिथं होत्या.

मीच तो सोडला होता. एसटीतून उतरून घरी आले त्याच संध्याकाळी. पंधरा दिवस मंतरलेला दोरा नुसता बाटलीच्या गळ्यात कशाला, लेकराच्या हाताला असलेला बरा, असं मला वाटलं होतं. सुदर्शनला सांगितलं नव्हतं. बी.एस्सी. झालेली बाई असं करते म्हणून तो हसला असता. बाटली कुठल्या अर्काची ते मला माहीत होतं आणि ती माझ्या खिडकीत होती, मग खूण कशाला लागते? पुढं माझ्या मनात ती काळ्या दोऱ्याचीच बाटली राहिली. दोरा मुळासंगं मुरवते असं चतुराबाई म्हणाली, तेव्हाही मी बाटलीचाच विचार करत होते. पोलिसांना तेच सांगितलं, घराला तेच शोधायला लावलं. घरात तशी बाटली पहिल्या दिवसापासून नव्हती.

आणि अन्वीचे ते दोन दिवसांचे जुलाब दोरा बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले होते. मी दातांना दोष देत बसले. जुलाबानंतर मी तिच्या हातांना सारखे मोजे घालत होते, म्हणून दोरा बहुतेक वेळ तोंडापासून दूर राहिला. नाहीतर काय झालं असतं, ते मी अजून पूर्ण वाक्यात मनात आणू शकत नाही.

दोरा मी कात्रीनं कापला.

६

सगळं सांगितलं. सुदर्शनला, जमादाराला, गल्लीतल्या त्या चौघा-पाचजणांना. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आता बोलून काय उपयोग, बरण्या तर फुटल्या." अमरनाथला सांगितलं तेव्हा मी त्याच्या पोरीला माझं दूध पाजत होते. तिला मीच पाजत होते आता, अन्वीच्या बरोबरीनं. त्यानं काही न बोलता पोर माझ्या मांडीवरून उचलली आणि अंगणात गेला. ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मग तो परत आला आणि तिला पुन्हा माझ्या मांडीवर ठेवून, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तिला भूक लागली होती.

चतुराबाईकडं मी परत गेले, ते माफी मागायला म्हणून. पण विचारायचं दुसरंच होतं. "मावशी, काळ्या दोऱ्याच्या अशा किती बाटल्या दिल्यात या पावसाळ्यात?"

ती लिहीत नाही. बोटांच्या पेरांवर एकेका बाईचं नाव घेत तिनं मोजलं. नऊ.

माझी धरून आठ सापडल्या. सुदर्शननं मोटारसायकलवरून मला गावोगाव फिरवलं. बाकीच्या सातांतल्या पाच बाटल्यांना दोरा नव्हता. चार दोरे लेकरांच्या हातात किंवा कमरेला होते, एक वासराच्या गळ्यात. एका घरात ती बोडकी बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी उभी होती. त्या घरातली सून मला म्हणाली, "ताई, एवढा गुणाचा दोरा, बाटलीला कुणी ठेवतं का?" मी आधी ती बाटली उचलली.

चतुराबाईनं आता अर्क करणं सोडलंय. पण नववी बाटली राहिली. ती तिनं मुखेडच्या बाजारात दिली, रस्त्यावर, एका गर्दीच्या दिवशी. नाव विचारलं नाही. आठवतं ते एवढंच: बाई उमरीकडची म्हणाली, सहावा महिना होता, उजव्या पायानं जरा लंगडत चालते, ब्लाउज शिवते, बोटाला सुई लागली म्हणून चिंधी बांधलेली होती. उमरीत मी दोन वेळा जाऊन आले. शिवणाऱ्या बायका खूप आहेत. माहेरी बाळंतपणाला गेली असेल, तर कुठं, ते कुणाला माहीत?

तिचे दिवस आता भरले असतील. कदाचित बाळंत होऊन चार दिवस झालेही असतील. कुणीतरी सासू किंवा आई तिच्यासाठी कोनाड्यात बाटली शोधत असेल.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही उमरीचे असा, नांदेडचे, लातूरचे, नाहीतर आणखी कुठले. तुमच्या ओळखीत, तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल, तर फोन करू नका, स्वतः जा. तिच्या घरात औषधाच्या जुन्या बाटलीत काही भरून ठेवलंय का बघा. दोरा असो, नसो, कुठल्याही रंगाचा असो. चव घेऊ नका, कुणाला घेऊ देऊ नका. लेकराच्या अंगावरचा काळा दोरा काढून ठेवा. आणि तिच्याजवळ थोडा वेळ बसून विचारा की पोट ठीक आहे ना, उलटी तर झाली नाही ना. झाली असेल तर बाटली बरोबर घेऊन तिला ताबडतोब दवाखान्यात न्या.

तिचं नाव मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. आजच जाऊन बघून या.